परवलीचा शब्द आणि त्याचा राखणदार



पासवर्डला मराठीत आपण 'परवलीचा शब्द' म्हणतो. हा शब्द गडकोटांच्या काळातला आहे. रात्री दरवाजाशी आलेल्या माणसाला पहारेकरी परवल विचारी आणि बरोबर शब्द आला की दिंडी उघडे. या व्यवस्थेत एक उणीव होती. शब्द आत येणाऱ्याला ठाऊक असे, तसाच तो पहारेकऱ्यालाही ठाऊक असावा लागे. पहारेकरी फितूर झाला किंवा त्याच्या कमरेची चिठ्ठी कुणी काढून घेतली, तर दरवाजा आणि तट शाबूत असूनही गड पडे. संगणकाच्या जगाने या जुन्या उणिवेवर एक विलक्षण तोड काढली आहे. राखणदाराला शब्द ठाऊक नसतानाही तो समोरच्याचा शब्द बरोबर की चूक हे ओळखू शकतो. ही तोड निघून अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला. तरीही असंख्य यंत्रणा आजही शब्द जवळजवळ उघडाच ठेवतात किंवा इतक्या कच्च्या पद्धतीने झाकतात की झाकणं आणि न झाकणं यांत काही मिनिटांचाच फरक उरतो. हे का घडतं आणि याचं उत्तरदायित्व कुणाचं, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पासवर्ड ही ठेव आहे. अमरावती-अकोल्याच्या लोकांना ठेव म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पतसंस्था, नागरी बँका, जिल्हा बँका, कापसाचे चुकारे, सोसायटीची खाती यांतून आपला भाग सहकाराच्या भाषेत वाढला आहे. ठेव ठेवणाऱ्याने काळजी घ्यावी हे खरं, पण ठेव बुडाली तर पहिला प्रश्न ठेव घेणाऱ्याला विचारायचा असतो. पासवर्डच्या बाबतीत मात्र आपण नेमकं उलट शिकलो. फलकांवर, पत्रकांत, शाळेतल्या कार्यक्रमांत सगळा उपदेश सामान्य माणसाला असतो: पासवर्ड मोठा ठेवा, त्यात चिन्हं घाला, दर 3 महिन्यांनी बदला, कुणाला सांगू नका. ज्याच्या तिजोरीत तो शब्द जाऊन पडतो त्याने तो कसा ठेवला, हे विचारायची रीत आपल्याकडे पडलेलीच नाही.

तोड समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एकच मोठा संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची यंत्रणा उभी राहिली आणि तिथे प्रत्येकाला पासवर्ड मिळाला. सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये जसेच्या तसे लिहिलेले होते. एकदा कामाच्या गडबडीत दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर त्या दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड उमटले. कुणी चोरी केली नव्हती, कुणी कुलूप तोडलं नव्हतं. शब्द उघडा ठेवला होता, म्हणून तो उघडा पडला. त्याच दशकात केंब्रिजमध्ये रॉजर नीडहॅम यांनी वेगळा विचार मांडला. पासवर्ड ठेवायचाच नाही, त्याचा ठसा ठेवायचा. या ठशाला आज 'हॅश' म्हणतात. सरकी घाण्यात घातली की तेल आणि ढेप मिळते, पण तेल आणि ढेप पुन्हा एकत्र करून सरकी होत नाही. हॅशचं गणितही असंच एका दिशेने चालतं, शिवाय त्याच शब्दाचा ठसा दर वेळी अगदी तोच निघतो. म्हणून आलेल्या माणसाने दिलेला शब्द पुन्हा घाण्यातून काढायचा आणि ठेवलेल्या ठशाशी ताडून पाहायचा. जुळला तर दार उघडायचं. पहारेकऱ्याच्या चिठ्ठीवर आता शब्द नाही, फक्त ठसा आहे.

मग चोराने काय केलं? त्याने घाणा उलटा फिरवायचा नाद सोडला. तो घाण्यात एकेक शब्द टाकत राहिला आणि कोणता ठसा जुळतो ते पाहत राहिला. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये या प्रकाराचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यांपैकी २,८३१, म्हणजे ८६ टक्के, अतिशय आखूड होते किंवा शब्दकोशात आणि नावांच्या यादीत सापडणारे होते. हा निष्कर्ष आपण अजूनही उद्धृत करतो, पण त्यावर त्यांनी काढलेले दोन उपाय विसरतो. एक उपाय मिठाचा. इंग्रजीतही त्याला मीठच म्हणतात. प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये यंत्र आपल्या मनाने काही वेगळी अक्षरं मिसळतं आणि मगच ठसा काढतं. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सहज उमगेल. डाळ तीच, पण विहिरीगणिक पाण्याचा खारेपणा वेगळा, म्हणून वरणाची चव गावागणिक वेगळी. मीठ घातलं की दोघांचा पासवर्ड एकच असला तरी ठसे वेगळे निघतात. चोराला एकदा तयार केलेली ठशांची यादी सगळ्यांना लावता येत नाही, प्रत्येक माणसासाठी श्रम पहिल्यापासून करावे लागतात. शेतात शाप ठरलेला खारेपणा इथे संरक्षण ठरतो. दुसरा उपाय संथपणाचा. त्यांनी ठसा काढण्याची क्रिया एकदा न करता २५ वेळा करायला लावली, म्हणजे प्रत्येक अंदाजाला चोराचा वेळ जावा. मीठ आणि संथपणा. त्यानंतर १९९९ चं बीक्रिप्ट, २००९ चं एसक्रिप्ट आणि २०१५ च्या स्पर्धेत निवडलं गेलेलं आर्गॉन-२ ही सगळी प्रगती याच दोन कल्पनांची आहे. नव्या पद्धतींनी त्यात स्मृतीचा खर्च वाढवला, एवढंच.

ज्ञान उपलब्ध होतं, हे यासाठी सांगतो की पुढे जे घडलं त्याला अज्ञानाचं निमित्त देता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या लॅन मॅनेजरमध्ये १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जी पद्धत आली तिने पासवर्डची सगळी अक्षरं आधी मोठ्या लिपीत बदलली, १४ अक्षरांवर मर्यादा घातली, त्या १४ चे ७-७ असे दोन तुकडे केले आणि दोन्हींचे ठसे स्वतंत्र काढले. मीठ नाही. या तुकड्यांचा अर्थ नीट पाहा. फक्त रोमन अक्षरं आणि अंक धरले तर ७ अक्षरांच्या तुकड्याचे सुमारे ७,८३६ कोटी प्रकार होतात. १४ अक्षरं एकसंध असती तर हे दोन आकडे एकमेकांनी गुणले गेले असते आणि संख्या कल्पनेपलीकडे गेली असती. तुकडे केल्यामुळे गुणाकाराची बेरीज झाली. चोराला एक अवघड काम उरलं नाही, दोन सोपी कामं मिळाली. २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या फिलिप ऑक्सलिन यांनी आधीच तयार केलेल्या कोष्टकांच्या मदतीने असे अक्षर-अंकी पासवर्ड सरासरी १३.६ सेकंदांत उघडून दाखवले. ही कोष्टकं तयार करता आली ती केवळ मीठ नव्हतं म्हणून. विंडोजने हे ठसे साठवणं व्हिस्टापासून मूळ मांडणीत बंद केलं. लॅन मॅनेजरनंतर आलेली एनटी पद्धत मोठी-लहान अक्षरं वेगळी मानते, तुकडेही करत नाही, पण तीही मिठाशिवाय आहे आणि अतिशय वेगवान आहे.

वेगवान असणं हा इथे दोष कसा, हे आकड्यांनीच कळतं. एनव्हिडियाचं २०२२ मध्ये बाजारात आलेलं, मुलं खेळासाठी विकत घेतात ते आरटीएक्स ४०९० कार्ड एका सेकंदाला एनटी पद्धतीचे सुमारे २८,८०० कोटी अंदाज तपासतं. ८ लहान रोमन अक्षरांचे एकूण प्रकार सुमारे २०,८८३ कोटी आहेत. म्हणजे तसे सगळे पासवर्ड एका सेकंदाच्या आत तपासून होतात. तेच कार्ड बीक्रिप्टच्या सौम्य मांडणीवर, जिला पाच असा क्रमांक देतात, सेकंदाला सुमारे १,८४,००० अंदाज करतं आणि त्याच कामाला १३ दिवस घेतं. मांडणी १२ वर नेली तर काम १२८ पट जड होतं आणि १३ दिवसांची साडेचार वर्षं होतात. पासवर्ड तोच, माणूस तोच, चोर तोच, कार्डही तेच. बदलला तो फक्त ठेवणाऱ्याचा निर्णय. एका सेकंदाची साडेचार वर्षं करणारा हा निर्णय वापरणाऱ्याच्या हातात कधीच नव्हता. दर 3 महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावणाऱ्या संस्थांनी या एका आकड्यापाशी थांबून विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेच्या मानक संस्थेने, एनआयएसटीने, २०१७ मध्ये ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याची शिफारसच काढून टाकली. आपल्या कार्यालयांत मात्र ती अजून चालू आहे.

इथवर आपण साठवणीबद्दल बोललो. पण कार्यालयाचं, कॉलेजचं किंवा बँकेचं जाळं म्हटलं की पासवर्ड एका जागी बसून राहत नाही. तारेवरून, हवेतून त्याची ओळख पाठवावी लागते आणि इथे दुखणं अधिक खोल जातं. विंडोजच्या जाळ्यांत एनटीएलएम नावाची ओळख पटवण्याची रीत आहे. तिच्यात यंत्र शब्द पाठवत नाही. समोरून आलेल्या कोड्याचं उत्तर ते आपल्याजवळच्या ठशाच्या आधारे तयार करून पाठवतं. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण उत्तर तयार करायला ठसाच पुरत असेल, तर चोराला शब्द शोधायची गरजच काय? ठसा चोरला की काम झालं. ही युक्ती १९९७ पासून उघड आहे. ठसा हा चिठ्ठीवरची खूण असायला हवा होता, इथे तो स्वतःच किल्ली झाला. मायक्रोसॉफ्टने ही सगळी रीत कालबाह्य म्हणून जाहीर केली ती जून २०२४ मध्ये. व्हीपीएन आणि कार्यालयीन वायफायसाठी वापरली जाणारी एमएस-चॅपची दुसरी आवृत्ती याच ठशावर उभी आहे. २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तीही ठशाचे तीन तुकडे करते, तिसरा तुकडा नगण्य असतो, उरलेले दोन एकाच शोधात सापडतात आणि योग्य यंत्र असेल तर एका दिवसात मूळ ठसा हाती येतो. लॅन मॅनेजरमध्ये केलेली तुकड्यांची चूक नव्या कपड्यांत परत आली. दोन्ही ठिकाणी काम करणारी माणसं हुशार होती. जुन्या यंत्रांशी जुळवून घेण्याच्या दडपणाखाली त्यांनी तोच तोडगा पुन्हा पत्करला, आणि हे दडपण आपण ओळखलं नाही तर पुढची चूकही अशीच होईल.

घरातल्या आणि दुकानातल्या वायफायचंही थोडं सांगतो. डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्डवर ४,०९६ फेऱ्या होतात आणि मीठ म्हणून जाळ्याचं नाव वापरलं जातं. फोन जोडला जाताना होणारी देवाणघेवाण रस्त्यावर उभं राहून कुणीही टिपू शकतो आणि घरी नेऊन निवांत अंदाज लावत बसू शकतो. कंपनीने दिलेलं नाव तसंच ठेवलं तर मीठ सगळ्यांचं एकच झालं. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ ने हे घरी नेऊन अंदाज लावणं बंद केलं. राउटर बदलताना तेवढं विचारून घ्यावं.

मोठी जाळी मात्र रेडियस नावाच्या व्यवस्थेवर चालतात. दारावरचं यंत्र आतल्या सर्व्हरला विचारतं, 'याला आत घेऊ का?' आणि सर्व्हर 'हो' किंवा 'नाही' सांगतो. ही व्यवस्था १९९० च्या दशकातली असून तिचा विश्वास एमडी-५ या ठशावर आहे. एमडी-५ मध्ये दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा काढता येतो हे चिनी गणितज्ञ शियाओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं. तेव्हा अनेक तज्ज्ञांचं मत होतं की रेडियसमधल्या वापराला याने बाधा येत नाही. जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी 'ब्लास्ट-रेडियस' प्रसिद्ध करून ते मत खोडून काढलं. सर्व्हर आणि दार यांच्यामध्ये बसलेला माणूस पासवर्ड माहीत नसतानाही सर्व्हरच्या 'नाही'चं 'हो' करू शकतो, आणि त्याला लागणारा वेळ मिनिटांत मोजायचा. गणिताने धोक्याची घंटा वाजवली आणि यंत्रणेने कान दिला, या दोहोंमध्ये 20 वर्षं गेली.

'नाही'चं 'हो' होणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राने याआधीच पाहिलं आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. एटीएमवरून आलेली मागणी बँकेच्या मूळ प्रणालीकडे जायच्या आधी मध्येच एक खोटा मध्यस्थ बसवला गेला आणि तो प्रत्येक मागणीला मंजुरी देत राहिला. काही तासांत 28 देशांतल्या यंत्रांतून पैसे निघाले. तो प्रकार हॅशच्या दुबळेपणाचा नव्हता, ही गल्लत कुणी करू नये. पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. ओळख पटवणाऱ्या साखळीतली 'हो' म्हणणारी एक कडी बनावट निघाली तर बाकीच्या सगळ्या कड्या मजबूत असूनही कामाच्या राहत नाहीत. त्या घटनेनंतर रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली आणि २०१९ च्या अखेरीस ती पातळीनुसार विस्तारली. ठेव घेणाऱ्यावर जबाबदारी टाकण्याची ही दिशा मला योग्य वाटते.

जाळ्याची उपकरणं विकणाऱ्या मोठ्या कंपन्याही इथे चुकल्या आहेत. सिस्कोने आपल्या राउटरमध्ये 'टाइप ४' म्हणून नवी, अधिक भक्कम पद्धत आणली. ठरलं होतं मीठ आणि १,००० फेऱ्या. प्रत्यक्षात उतरली ती मिठाशिवाय एकच फेरी, म्हणजे ज्या जुन्या पद्धतीची जागा ती घेणार होती तिच्याहूनही दुबळी. २०१३ मध्ये बाहेरच्या संशोधकांनी हे उघड केलं आणि कंपनीने ते मान्य केलं. आराखडा बरोबर होता, पण कागदावरचा आराखडा आणि यंत्रातलं वास्तव ताडून पाहणारं कुणी मध्ये नव्हतं.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की लोक इतके सोपे पासवर्ड ठेवतात की ठेवणाऱ्याने कितीही भक्कम ठसा काढला तरी उपयोग नाही. यात तथ्य आहे आणि ते मी लपवणार नाही. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड उघडे गेले, कारण ते मुळातच उघडे ठेवलेले होते, आणि त्या यादीत '१२३४५६' पहिल्या क्रमांकावर होता. असा शब्द कोणत्याही पद्धतीत पहिल्याच घासाला जातो. वऱ्हाडातल्या खात्यांवर कुणी डोळा ठेवला तर शेगावच्या महाराजांचं नाव, अंबादेवीचं नाव, गावाचं नाव आणि त्यापुढे '@१२३' हे त्याच्या यादीत वर असेल, याबद्दल मला शंका नाही. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे. अगदी वाईट आणि अगदी चांगले पासवर्ड थोडेच असतात, मधले फार असतात: आठवणीतला एखादा शब्द, थोडी मोडतोड, जन्मसाल. संथ ठसा याच मधल्या लोकांना वाचवतो. शिवाय लोक सोपे शब्द ठेवणार हे १९७९ पासून आकड्यांनिशी ठाऊक असताना, त्याचा विचार करून यंत्रणा बांधणं हे बांधणाऱ्याचं काम होतं. पुरात नदी पात्र सोडते हे माहीत असूनही अभियंत्याने पूल बुटका बांधला, तर पुलावरून जाणाऱ्यांना दोष देता येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्या भागात हमखास ऐकू येतो: आमच्या छोट्या संस्थेकडे कोण येतंय चोरायला? आमच्याकडे आहे तरी काय? याचं उत्तर २०१७ च्या झोमॅटो प्रकरणात आहे. त्या कंपनीकडची सुमारे १ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. शिरकाव झाला तो कंपनीच्या तटबंदीतून नाही. कंपनीतल्या एका तंत्रज्ञाने कधीतरी '०००वेबहोस्ट' या फुकट संकेतस्थळ-सेवेवर खातं काढलं होतं. २०१५ मध्ये त्या सेवेकडून पासवर्ड गेले आणि ते उघडे ठेवलेले होते. तोच पासवर्ड दुसरीकडे चालला आणि वाट मोकळी झाली. माणूस एक पासवर्ड चार ठिकाणी वापरतो. म्हणून सगळ्यांत निष्काळजी राखणदार जेवढा सुरक्षित, तेवढंच त्या माणसाचं सगळं सुरक्षित. कॉलेजच्या प्रवेशाच्या पानावर विद्यार्थ्याने ठेवलेला शब्द त्याच्या ई-मेललाही असतो, आणि ई-मेल हाती आला की बँकेपर्यंतचं अंतर फार उरत नाही. छोट्या संस्थेकडे चोरण्यासारखं काही नाही असं म्हणताना तिच्याकडे इतर सगळ्या घरांच्या किल्ल्या टांगलेल्या आहेत हे आपण विसरतो.

'आम्ही एन्क्रिप्शन वापरतो' हेही उत्तर मिळतं आणि ते ऐकून प्रश्न विचारणारा गप्प बसतो. त्याने गप्प बसू नये. एन्क्रिप्शन म्हणजे कुलूप. त्याला किल्ली असते आणि किल्ली राखणदाराकडेच असते. २०१३ मध्ये अडोबीकडून १५ कोटींवर नोंदी गेल्या. त्यांत पासवर्डचा ठसा काढलेला नव्हता, सगळे एकाच किल्लीने बंद केलेले होते. मीठ नसल्याने सारखे पासवर्ड सारखेच दिसत होते आणि शेजारी लोकांनी स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेले इशारे उघडे होते. किल्ली न सापडताही लोकांनी शब्दकोडं सोडवावं तसे ते पासवर्ड सोडवले. आपल्या देशातली दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. २०२० मध्ये बिगबास्केटकडून सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती गेली आणि तिथले पासवर्ड एसएचए-१ या वेगवान ठशात होते. त्याच वर्षी अनअकॅडमीचीही तेवढ्याच लोकांची माहिती बाहेर आली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांना हे नाव चांगलं ठाऊक आहे. तिथले ठसे हजारो फेऱ्यांच्या संथ पद्धतीचे होते. दोघांकडेही चोरी झाली. पण चोरीनंतर अनअकॅडमीच्या ग्राहकाला पासवर्ड बदलायला वेळ मिळत होता आणि बिगबास्केटच्या ग्राहकाला तो फारसा उरला नव्हता. हॅशचं खरं काम हेच आहे. तटबंदी पडल्यावरही माणसाला सावरायला अवधी मिळाला पाहिजे. 'डेटाबेसच गेला तर उरलं काय?' असं विचारणाऱ्यांना उत्तर द्यायचं तर अवधी उरतो, आणि ज्याने तो शब्द दहा ठिकाणी वापरला आहे त्याच्यासाठी अवधीच सर्वस्व असतो.

खर्चाच्या आक्षेपाला फार वेळ देण्याची गरज नाही. पीएचपी या भाषेत असंख्य संस्थांची संकेतस्थळं लिहिलेली आहेत. त्या भाषेत २०१३ पासून मीठ घालून बीक्रिप्ट ठसा काढणारी तयार सोय फुकट आहे आणि ती वापरायला एक ओळ लागते. जुने एमडी-५ ठसे असतील तर त्याच ठशांवर संथ ठशाचा दुसरा थर आजच चढवता येतो, त्यासाठी कुणाला नवा पासवर्ड मागावा लागत नाही. भाराचा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकाच वेळी आत येतात, संथ ठसा सर्व्हरला जड पडतो आणि खोडसाळ माणूस मुद्दाम चुकीचे प्रयत्न करून यंत्रणा अडवूही शकतो. म्हणून फेऱ्यांचा आकडा आपल्या यंत्राची ताकद पाहून ठरवावा लागतो आणि चुकीच्या प्रयत्नांना आवर घालावा लागतो. माणसाला पाव सेकंद थांबल्याचं जाणवत नाही. हा आकडा किती असावा यावर वाद व्हायला हरकत नाही, पण मीठ असावं की नसावं यावर वाद होऊ शकत नाही.

ओटीपी आल्यावर पासवर्डची चर्चा जुनी झाली, असं काही जण म्हणतात. ग्राहकाच्या दारापुरतं ते थोडंफार खरं आहे. पण आतल्या दाराचं काय? संगणकांचं जाळं चालवणारा, राउटर सांभाळणारा, सर्व्हरवर काम करणारा माणूस अजूनही पासवर्डनेच आत जातो, आणि वर सांगितलेल्या एनटीएलएम, रेडियस, टाइप ४ या सगळ्या कथा आतल्या दारांच्या आहेत. पासकी ही नवी रीत खऱ्या अर्थाने पुढची आहे, कारण तिच्यात संस्थेकडे फक्त सार्वजनिक किल्ली राहते. ती चोरून कुणालाही आत शिरता येत नाही. नीडहॅम यांनी ज्या दिशेने पहिलं पाऊल टाकलं त्याच दिशेचं हे पुढचं पाऊल आहे. पण मेळघाटातल्या हरिसालपासून अकोल्याच्या बाजारपेठेपर्यंत सगळीकडे ती पोचेपर्यंत पासवर्ड राहणार, आणि तोवर तो नीट राखावाच लागणार.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावी, असं त्याचं १५१ वं कलम सांगतं. पासवर्ड ही त्या कायद्यातली वस्तू नाही, पण काळजीचं माप मला तेच योग्य वाटतं. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी संवेदनशील माहितीची यादी केली तेव्हा पहिलं नाव पासवर्डचं होतं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संवेदनशील माहितीचा असा वेगळा वर्ग ठेवला नाही, मात्र वाजवी सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. दंड मोठा आहे, पण 'वाजवी' या शब्दाचा अर्थ चोरी झाल्यानंतर ठरतो. मीठ नसलेला, वेगवान ठसा वाजवी नाही, हे चोरीच्या आधीच ठरलेलं असावं, अशी माझी मागणी आहे. सरकारी निविदांत ही एक अट घातली तर निविदा भरणारे ठेकेदार आपोआप सुधारतील.

तोपर्यंत आपल्या हातात काही नाही, असं मात्र नाही. आपण सहकारी संस्थांचे सभासद आहोत, महाविद्यालयांचे पालक आणि माजी विद्यार्थी आहोत, सेवा केंद्रावर रांगेत उभे राहणारे नागरिक आहोत. सहकारी संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यावर 6 महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तिथे आपण ताळेबंद विचारतो, लाभांश विचारतो, थकबाकी विचारतो. त्यात एक प्रश्न वाढवावा. तंत्रज्ञानाचं ज्ञान नसलेल्या कुणालाही तो विचारता येईल आणि त्याचं उत्तर कुणी गोल करू शकणार नाही: 'मी माझा पासवर्ड विसरलो, तर तुम्ही मला तोच पासवर्ड परत सांगू शकता का?' सचिव 'हो' म्हणाले, एसएमएस करून पाठवतो म्हणाले, किंवा काउंटरवरचे कर्मचारी संगणकात पाहून वाचून दाखवायला तयार झाले, तर तुमचा शब्द तिथे उघडा पडलेला आहे. 'नाही, तो आम्हांला माहीतच नाही, नवा करून देतो,' असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न मिठाचा विचारावा, आणि तोही सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.